मैत्रिणीसाठी गोधडी शिवायचीये? मग आधी ती लहान करा

माझ्या कपाटाच्या वरच्या खणात एक अर्धवट गोधडी पडून आहे, डबलबेडची. जिच्यासाठी सुरू केली होती तिचे त्यानंतर चार वाढदिवस होऊन गेले. शेवटी मी तिच्यासाठी दुसरीच शिवली, जवळपास निम्म्या आकाराची, साध्या चौकोनांची, आणि ती अडीच महिन्यांत हातावेगळी झाली. म्हणून पहिल्यांदाच गोधडी करायला निघालेल्यांना मी रंग-डिझाईन वगैरे काही सांगायच्या आधी हेच सांगते की मनात जी साईज आहे ती कमी करा. भेट म्हणून द्यायची वस्तू पूर्ण व्हावी लागते, बाकी सगळं नंतर.

48 इंच बाय 60 इंच ही साईज धरा. सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्यावर अंगावर घ्यायला, दुपारी आडवं झाल्यावर पांघरायला एकदम बरोबर. पाठीवर टाकून घरभर फिरताही येतं. बेडवर अंथरायची मोठी गोधडी दुसऱ्या वेळी करा, तोपर्यंत हात बसलेला असेल.

मैत्रिणीची थोडी हेरगिरी

हे काम कापड घ्यायच्या आधीचं. ती गोधडी धुणार कशी, मशीनमध्ये की हाताने? घरात मांजर किंवा कुत्रा आहे का, असेल तर पांढरं कापड विसरा. तिला रात्री गरम होतं की ती पंख्यातही पांघरूण घेते? लोकरीने अंगाला खाज येते का? रंगांचं तिला थेट विचारू नका, तिचे कपडे, तिची बॅग, मोबाईलचं कव्हर बघा, माणूस तोंडाने एक रंग सांगतो आणि घेतो भलताच. आणि गोधडी करतेय हे कोणालाही सांगायचं नाही, अळीमिळी गुपचिळी, कारण एकदा सांगितलं की तारीख ठरते आणि तारीख ठरली की टाके मोठे व्हायला लागतात.

तिचे जुने कपडे मिळाले तर सोन्याहून पिवळं. जुना सुती कुर्ता, शर्ट, विरत न आलेली ओढणी, सगळं चालतं. टीशर्टचं कापड मात्र ताणलं जातं, ते तसंच कापलं तर चौकोन केळ्यासारखे वाकडे होतात, त्याला मागून इस्त्रीने चिकटणारं पातळ फ्युझिंग लावून घ्यायचं आणि मगच कापायचं. आणि कपडा तिच्याकडून उचलून आणत असाल तर तो खरंच टाकून दिलेला आहे ना याची खात्री करा बाई, मी एकदा "जुना" म्हणून आणलेला कुर्ता तिचा आवडता निघाला होता, नशीब कात्री लावायच्या आधी कळलं.

कापड किती आणि कसलं

पहिल्या गोधडीला फक्त सुती, मध्यम जाडीचं, आणि सगळे तुकडे साधारण एकाच जाडीचे. एक जाड जीन्सचा आणि शेजारी मलमलचा तुकडा शिवला तर धुतल्यावर मलमल आधी फाटणार हे ठरलेलं. सिल्क, जॉर्जेट, सॅटिन सध्या नको, घसरतं आणि नवख्या माणसाला रडवतं.

हिशोब असा. तयार चौकोन 6 इंचाचा हवा, चारही बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत जाणार, म्हणजे कापायचा साडेसहा इंचाचा. आडवे 8, उभे 10, एकूण 80 चौकोन. 44 इंच पन्ह्याच्या (म्हणजे रुंदीच्या) एक मीटर कापडातून आरामात 30 चौकोन निघतात, ओढूनताणून 36 बसतात पण कापड आटलं की तो हिशोब कोलमडतो, म्हणून 30च धरा. म्हणजे सगळे रंग मिळून 3 मीटर. अर्धा-अर्धा मीटर घेणार असाल तर सात प्रकारची कापडं लागतील, कारण आटल्यावर अर्ध्या मीटरमधून 12च चौकोन निघतात, आणि त्यात दोन फिके साधे रंग ठेवा, सगळीच छपाईची घेतली तर डोळ्याला कुठे थांबायला जागाच राहत नाही.

मागच्या बाजूचं अस्तर 54 बाय 66 लागेल, म्हणजे वरच्या थरापेक्षा प्रत्येक बाजूला 3 इंच जास्त. जुनी पण धड असलेली सुती चादर यासाठी बेस्ट, जोड द्यावा लागत नाही आणि सुई लोण्यासारखी जाते. दाट विणीची नवी चादर घेऊ नका, बोटं दुखतात. मधल्या थरासाठी सुती बॅटिंगची (मऊ भरावाची) शीट घ्या, पातळ. फुगीर पॉलिस्टरची दिसायला मस्त दिसते पण हाताने बारीक टाके पडत नाहीत. शीट नसेल तर जुन्या मऊ सुती साडीचे किंवा चादरीचे दोन थर, किंवा एखादं पातळ ब्लँकेट चालतं. साडीचा पन्हा साधारण 45 इंचच असतो, म्हणून कडेला एक पट्टी जोडावी लागेल, ती कडा एकमेकीला टेकवून जोडा, एकावर एक चढवू नका, नाहीतर तिथे उंचवटा येतो.

बाकी सामान थोडकं आहे. धारदार कात्री जी फक्त कापडाला वापरायची (घरच्यांना तसं बजावून ठेवा), लांब पट्टी, शिंप्याचा खडू, टाचण्या, जाड सुती दोरा, आणि अंगुस्तान. अंगुस्तान नको वाटतं सुरुवातीला, बोटात काहीतरी अडकवल्यासारखं वाटतं, पण तिसऱ्या दिवशी मधल्या बोटाला भोक पडलं की आपोआप घालाल. गोधडी भरायला, म्हणजे तिन्ही थरांतून टाके घालायला, आखूड आणि बारीक सुई लागते. सुयांच्या नंबरात एक गंमत आहे, नंबर जितका मोठा तितकी सुई लहान, तर नवख्यांनी 7 किंवा 8 घ्यावी, 10 नंबरच्या नेढ्यात दोरा ओवण्यातच संध्याकाळ जाईल.

आधी धुवा, मग इस्त्री, मग कात्री

नवं सुती कापड पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के आटू शकतं, आणि प्रत्येक कापड वेगळं आटतं, म्हणून न धुता शिवलेली गोधडी धुतल्यावर कुठे चुण्या कुठे ताण अशी होते. त्याहून मोठी भीती रंगाची. लाल, मरून, गडद निळा, काळा, यांचा ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग उतरला तर परत धुवा, तरी उतरतच असेल तर ते कापड कितीही आवडलेलं असो, बाजूला ठेवा. मी नाही ठेवलं एकदा. मरूनशेजारचे सगळे पांढरे चौकोन पहिल्याच धुण्यात गुलाबी झाले आणि मला "मुद्दामच केलंय" असं सांगावं लागलं.

कापताना कापडाच्या किनारीला समांतर रेघ मारा, म्हणजे चौकोनाच्या बाजू उभ्या-आडव्या धाग्यावर येतात. उरेब (तिरकं) कापलं गेलं की कडा ताणत जातात आणि चौकोन शिवता शिवता मोठा होतो. पुठ्ठ्याचा साडेसहा इंची चौकोन करून त्याभोवती खडू फिरवायची पद्धत सोपी आहे, फक्त दर वीस-पंचवीस चौकोनांनंतर पुठ्ठा बदला कारण त्याचे कोपरे झिजतात. हे कोणी सांगत नाही आणि मग शेवटचे चौकोन लहान का आले ते कळत नाही.

मांडणी

80 चौकोन जमिनीवर मांडा आणि लगेच शिवायला घेऊ नका. रात्रभर तसेच राहू देता आले तर उत्तम, सकाळी उठून बघितलं की चूक पटकन दिसते, दोन सारखे शेजारी आलेत, एका कोपऱ्यात सगळे गडद जमलेत वगैरे. मोबाईलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाईट करून बघा, फिके-गडद नीट विखुरलेत का ते रंगाच्या भुलीशिवाय कळतं. ठरलं की आणखी एक फोटो काढून ठेवा, आणि प्रत्येक ओळीचे 8 चौकोन डावीकडून उजवीकडे एकावर एक रचून वर चिठ्ठी टाचा, ओळ 1, ओळ 2 अशी. ही चिठ्ठी खरंच लावा, मांजराचं किंवा लहान मुलाचं घर असेल तर दोनदा लावा.

चौकोन जोडणं

मशीन असेल तर जोडायला खुशाल मशीन वापरा, एका शनिवार-रविवारी होतं आणि त्याने भेट काही कमी हाताची होत नाही. हाताने करणार असाल तर प्रत्येक चौकोनाच्या मागे कडेपासून पाव इंचावर पेन्सिलीने रेघ मारा, दोन चौकोन सुलटी बाजू आत ठेवून जुळवा, आधी दोन्ही टोकांना टाचणी, मग मध्ये, आणि रेघेवरून बारीक धावदोरा. दर चार-पाच टाक्यांनी एक उलटा टाका घालायचा, म्हणजे एखाद्या ठिकाणी दोरा तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही. जोडायलाच साधारण 22-23 मीटर शिवण होते, त्यामुळे एका दिवसात एक ओळ झाली तरी खूप झाली असं समजा.

पाव इंच म्हणजे पाव इंचच. ओळीत 7 जोड असतात, प्रत्येक जोडात फक्त एक सूत (इंचाचा आठवा भाग) शिवण जास्त गेली तर दोन्ही चौकोनांचं मिळून पाव इंच जातं, सात जोडांत पावणेदोन इंच! मग ही ओळ त्या ओळीपेक्षा आखूड आणि जोडताना ओढाओढ.

ओळ झाली की शिवणी एका बाजूला पाडून इस्त्री. पहिल्या ओळीच्या सगळ्या डावीकडे, दुसरीच्या उजवीकडे, तिसरीच्या परत डावीकडे. असं केलं की ओळी एकमेकींना जोडताना शिवणी आमनेसामने येऊन कुशीत बसतात आणि चार चौकोनांचे कोपरे बरोबर एका बिंदूत मिळतात. इस्त्री घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची, घासली की कापड ताणतं. आणि एखादा कोपरा नाहीच जुळला तर? अर्ध्या इंचाने चुकला असेल तर उसवा, एका सुताने चुकला असेल तर पुढे चला, मैत्रीण पट्टी घेऊन मोजणार नाहीये.

तीन थर एकत्र, आणि इथे आळस नको

खरं सांगायचं तर मला हा भाग अजिबात आवडत नाही. गुडघे दुखतात, पाठ धरते. पण गोधडी बिघडते ती इथेच, टाक्यांमध्ये नाही.

जमीन पुसून कोरडी करा. अस्तर उलटी बाजू वर करून पसरा आणि कडा चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा, कापड सपाट बसलं पाहिजे पण ताणलेलं नको, ताणून चिकटवलं तर पट्टी काढल्यावर ते आकसतं आणि वरचा थर ढिला पडतो. त्यावर बॅटिंग, हाताने मधून कडेकडे सपाट करत जा. त्यावर चौकोनांचा थर, सुलटी बाजू वर, बरोबर मध्यावर. मग लांब सुई आणि पांढरा दोरा घेऊन दोन-दोन इंचाचे कच्चे टाके, सुरुवात मधोमध, तिथून चारी दिशांना, मग चारी कोपऱ्यांकडे, आणि शेवटी सगळीकडे चार-चार इंचांवर आडवे-उभे. गडद दोरा वापरू नका, काढल्यावर कधीकधी रंगाचा ठिपका मागे राहतो. सेफ्टी पिनाही चालतात, एक मूठभर अंतरावर एक, फक्त हाताने भरताना दोरा त्यांच्यात सारखा अडकतो आणि वैताग येतो.

झालं की उलटी करून बघा. अस्तरावर चुणी दिसली तर आत्ताच काढा. "नंतर दिसणार नाही" असं मन म्हणेल, त्याचं ऐकू नका.

भरणं, म्हणजे खरी मजा

रेघा कुठे घ्यायच्या? शिवणीच्या बरोबर वरून नको, तिथे कापडाचे थर जास्त असल्याने सुई जात नाही. प्रत्येक चौकोनात दोन्ही उभ्या शिवणींपासून दीड-दीड इंच आत अशा दोन उभ्या रेघा घ्या, म्हणजे सगळीकडे आपोआप 3 इंचांचं अंतर येतं आणि मोजमाप डोक्यात ठेवावं लागत नाही. बॅटिंगच्या पाकिटावर टाक्यांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते छापलेलं असतं, ते 3 इंचांपेक्षा कमी असेल तर रेघा वाढवा, नाहीतर धुतल्यावर आतलं सगळं गोळा होतं. रेघ खडूने मारा किंवा कागदी चिकटपट्टी लावून तिच्या कडेने शिवा (रात्रभर लावून ठेवू नका, गोंद राहतो). पाण्याने जाणारं पेन वापरलंत तर त्या खुणेवर इस्त्री फिरवायची नाही, ती पक्की बसते.

दोरा एक हात लांब घ्यायचा, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण 18 इंच. आळस म्हणून लांब घेतला की गुंततो आणि पिळून कमजोर होतो. टोकाला छोटी गाठ. आता सुई रेघेपासून इंचभर लांब वरच्या थरात घालायची, अस्तरातून न काढता थेट रेघेवर वर काढायची आणि हलकासा झटका द्यायचा, टक् असा आवाज येतो आणि गाठ कापडाच्या आत बॅटिंगमध्ये जाऊन लपते. हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी उगाच चार-पाच गाठी मारून बघितल्या होत्या. रेघेचा शेवटही तसाच, कापडाजवळ गाठ मारायची, आत ओढायची, दोरा इंचभर लांब बाहेर काढून कापायचा.

मग धावदोरा. उजव्या हातात सुई, डावा हात गोधडीखाली. सुई सरळ खाली टोचा, खालच्या बोटाला टोक जेमतेम लागलं की लगेच वर वळवा, परत खाली, परत वर, सुईवर तीन-चार टाके जमले की ओढा. खालचं बोट सारखं टोचतं, त्यावर चिकटपट्टीचा एक वेढा द्या. इंचात पाच-सहा टाके पडले तर पहिल्या गोधडीला ते भरपूर आहेत. टाके लहान असण्यापेक्षा सारखे असणं महत्त्वाचं, सारखे मोठे टाके छान दिसतात, लहान-मोठे मात्र डोळ्याला खुपतात. मधूनमधून मागची बाजू बघत जा, कारण वर सुंदर आणि खाली सुई पोचलेलीच नाही असं नवख्यांचं हमखास होतं.

सुरुवात मधल्या रेघांपासून, मग एक डावीकडची एक उजवीकडची असं बाहेर जायचं. कडेकडून आत आलात तर सगळा ढिलेपणा मध्ये जमा होऊन फुगा होतो. 14 इंचांची गोल फ्रेम वापरली तर टाके सारखे येतात, पण फार घट्ट करू नका, आणि रात्री फ्रेम काढून ठेवा, वळ पडतात.

8 चौकोन, प्रत्येकात 2, म्हणजे 16 रेघा, प्रत्येक 60 इंचांची, मिळून जवळपास 24 मीटर आणि इंचाला 6 धरले तर पावणेसहा हजार टाके होतात. आकडा ऐकून घाबरू नका पण हे सगळं वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात बसत नाही एवढं नक्की. रोज तासभर बसलात तर कापण्यापासून शेवटपर्यंत दोन-अडीच महिने धरा. माझ्यासारखे आरंभशूर असाल तर तीन.

कडा

वेगळी पट्टी कापून कड लावता येते पण पहिल्यांदा अस्तरच पुढे दुमडा, सोपं आणि मजबूत. बॅटिंग वरच्या थराच्या बरोबरीने कापा (अस्तर चुकून कापू नका, अस्तर बाजूला धरून मग कात्री चालवा), अस्तर सगळीकडे बरोबर 1 इंच बाहेर ठेवा. आधी कोपऱ्याचं टोक तिरकं आत दुमडून वरच्या थराच्या कोपऱ्याला टेकवा. मग कड अर्धा इंच दुमडा, परत अर्धा इंच दुमडून वरच्या थरावर आणा, टाचा. कोपऱ्यात दोन्ही बाजू आपोआप तिरक्या रेघेत भेटतात, नाही भेटल्या तर टोक थोडं कमी करा. बारीक तुरपाईने शिवून टाका. सगळी कड 216 इंचांची आहे, सिनेमा लावून बसा. नंतर कच्चे टाके काढा.

मागच्या एका कोपऱ्यात छोटं कापड शिवा, त्यावर न पुसणाऱ्या पेनाने तिचं नाव, तुमचं नाव, साल आणि "थंड पाणी, हलका साबण" एवढं लिहा, पण लिहून इस्त्री फिरवल्यावरच ते कापड शिवा.

देण्याआधी एकदा तुम्हीच धुवा. खडू जातो, हाताचा मळ जातो आणि रंगाचा काही गोंधळ व्हायचा असेल तर तो तुमच्या घरी होतो, तिच्या नाही. न धुतलेली सुती बॅटिंग पहिल्या धुण्यात थोडी आटते आणि गोधडीवर बारीक सुरकुत्या येतात, त्या येऊ द्या, ती तशीच मऊ दिसते. ओली गोधडी जड होते, एका दोरीवर लटकवली तर टाके ताणतात, दोन दोऱ्यांवर पसरून सावलीत वाळवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देऊ नका, दमट होते, जुन्या सुती कापडात गुंडाळा.

ती बहुतेक म्हणेल की वापरायला जीवावर येतं गं. म्हणून मी उरलेल्या कापडांचे तीन-चार चौकोन आणि थोडा तोच दोरा पाकिटात घालून सोबत देते, फाटलं की ठिगळ लावायला. पाकिटावर लिहिते, "फाटली की ये, मी लावून देते."